ढब्बूच्या अंगावरचं डांबर

रॉकेलची बाटली शरदचंद्रांच्या हातात होती आणि क्षितिजा कुत्र्याला पाठीशी घालून उभी होती.

"बाबा, रॉकेलनं त्याची कातडी भाजेल."

"मग काय करू? साडेतीन वाजलेत. चारला मुलगा येतोय. त्याला काय हे ध्यान दाखवायचं?"

जांबे गावातल्या त्यांच्या गल्लीत सकाळीच डांबर पडलं होतं. या रस्त्यासाठी चार वर्षं अर्ज चालले होते, आणि उद्घाटन ढब्बूनं केलं. पिंपाशेजारी सांडलेल्या डांबरात तो ऐसपैस बसला. डावी कूस, शेपूट आणि दोन पंजे काळेकुट्ट करून घरी आला, आणि वर शेपूट हलवायला लागला.

जनावरांच्या दवाखान्यात फोन केला, तर डॉक्टर लसीकरणाच्या शिबिराला गेलेले. फोनवरचा माणूस "बघतो" म्हणाला. सरकारी 'बघतो'चा अर्थ शरदचंद्रांना चांगला ठाऊक होता. लातूरला सरकारी नोकरीत असताना त्यांची स्वतःची पंचवीस वर्षं तोच शब्द म्हणण्यात गेली होती.

क्षितिजाची लग्नासाठी एकच अट होती. ढब्बू तिच्याबरोबर सासरी जाणार. पगार, घर, पत्रिका, बाकी सगळं आईवडिलांनी बघावं. या एका अटीवर चार स्थळं फिसकटली होती. काल शरदचंद्रांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, की आज जमलं नाही तर ढब्बू घरमालक हैबतरावांच्या नेरे गावातल्या शेतावर जाईल. ते बोलले तसं करणारे होते. क्षितिजा त्यावर जेवली नव्हती.

बेल वाजली तेव्हा चारला वीस मिनिटं कमी होती. रजनीताईंनी पदर सारखा करून दार उघडलं. दारात एक उंचेला तरुण होता. हातात हेल्मेट, खांद्याला काळी बॅग.

"या, या. तुमचीच वाट बघत होतो."

"रस्ता ओला हाय, गाडी चौकातच लावली," तो म्हणाला.

स्थळ मूळचं मुळशीकडचंच होतं, त्यामुळे रजनीताईंना त्या बोलण्याचं नवल वाटलं नाही. उलट, हिंजवडीत कंप्युटरवर बसूनही पोरगा गावची भाषा विसरला नाही, याचं त्यांना बरं वाटलं. मुलानं आधी एकट्यानं येऊन भेटायचं, ही नवी पद्धत मात्र त्यांना पसंत नव्हती. विवाह मंडळाकडून आलेल्या फॉर्मच्या झेरॉक्सवर फोटो होता, पण त्यात मिशीखेरीज काही उमटलं नव्हतं. मिशी याला होती.

मागून ढब्बू कण्हला. पाहुणा बूट काढून सरळ मागच्या ओट्यावर गेला.

"चाटलं का त्यानं?"

"नाही. मी तोंड धरून बसलेय," क्षितिजा म्हणाली. नवी साडी नेसून ती फरशीवर बसली होती.

"हे लई चांगलं केलंत. रॉकेल न्या आधी हितनं. गोडेतेल आणा वाटीभर."

शरदचंद्र तेल घेऊन आले. जावई म्हणून आलेल्या माणसानं पहिल्या पाच मिनिटांत सासऱ्याला कामाला लावलं, हे त्यांना खरं तर आवडलं.

त्यानं घड्याळ काढून ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि तेल हातावर घेऊन डांबरात मुरवायला सुरुवात केली. घाई नाही. ओढाताण नाही. तेल मुरलं की डांबर सैल होत होतं, मग तो जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपायचा आणि पुन्हा तेल घ्यायचा. कुशीवर एक गोळा काही सुटेना. तिथं त्यानं केसांखाली कंगवा सरकवला आणि कंगव्याच्या वरून कात्री चालवली.

"मधी कंगवा असला की कातडीला कात्री लागत न्हाई," तो म्हणाला. ते ढब्बूला सांगितलं की क्षितिजाला, कळलं नाही.

रजनीताई पोहे घेऊन आल्या. हात तेलाचे आहेत म्हणून त्यानं बशी बाजूला ठेवायला सांगितली.

"कामाचं कसं काय?" शरदचंद्रांनी विषय काढला.

"फोन आला की पळायचं. सुट्टीबिट्टी काय न्हाई."

"असंच असतं हो त्या लाइनीत," शरदचंद्र म्हणाले आणि बायकोला डोळ्यांनी आत बोलावून घेतलं. मुलंमुलं बोलू देत.

आता ढब्बूनं पाहुण्याच्या मांडीवर मान टाकली होती. क्षितिजानं ते बघितलं. ज्या प्रश्नाला चार जणांनी चार पळवाटा काढल्या होत्या, तो तिनं विचारला.

"लग्न झाल्यावर याचं काय करायचं?"

"करायचं काय त्यात? संगं न्यायचा." त्यानं हातही थांबवला नाही. "मागं ठिवला तर खाणं सोडंल. माणसाला समजावता येतं. ह्याला कसं समजावणार?"

"आणि सासरचे काही म्हणाले तर?"

"आठ दिवस म्हणतील. मग तेच भाकरी घालतील त्याला."

क्षितिजाचे डोळे भरून आले. तिनं तोंड फिरवलं आणि कोमट पाणी आणायला म्हणून आत गेली. आत आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "हो सांगा. आत्ताच्या आत्ता सांगा."

रजनीताईंनी देवापुढे साखर ठेवली. शरदचंद्रांनी बाहेरच्या खोलीत जाऊन उगाचच नाक शिंकरलं. इतक्या वर्षांत मुलीच्या चेहऱ्यावर एवढा उजेड त्यांनी पाहिला नव्हता.

ओट्यावर ढब्बूला साबणाचं पाणी लागलं, पुन्हा साधं पाणी लागलं आणि त्याचा तांबूस रंग परत आला. पाहुण्यानं फडक्यानं त्याला कोरडं केलं, हात धुतले आणि पोह्यांची बशी उचलली. तेवढ्यात शरदचंद्र पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मागं दारात क्षितिजा, तिच्या मागं रजनीताई.

"आधी तोंड गोड करा," शरदचंद्र म्हणाले. "क्षितिजानं लग्नाला होकार दिलाय."

पाहुण्यानं पेढा तोंडात टाकला आणि मनापासून हसला.

"लई झाक झालं, काका. मुलगा काय करतो?"