बोट ठेवलं तिथे

"रक्त छान वाहतंय. काही नाही," म्हणत सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मानेवरून प्रोब उचलला. बारा महिने गळ्याशी मफलर गुंडाळून बसणारी माझी आई लगेच म्हणाली, "सांगत होते ना, मनाचे खेळ आहेत. ऊठ आता."

मी उठले नाही. "डॉक्टर, तुम्ही रक्ताच्या नळीच्या आत बघितलंत. मला दुखतंय ते नळीच्या भोवती. मी बोट ठेवते तिथे बघा, त्याशिवाय मी हलणार नाही."

त्यांनी सुस्कारा सोडून प्रोब तिथे टेकवला. मी कळवळले. पडद्यावर काळ्या नळीला एका अंगाने करडा, जाड लेप बसलेला दिसला.

"सूज आहे," त्या वरमून म्हणाल्या. "रक्तवाहिनीच्या भोवती. चांगलीच आहे."

मानेवरचं जेल पुसत मी आईकडे वळले. तिला चार शब्द सुनावायचेच होते. पण ती चपला काढून पलंगाशी येऊन उभी होती, मफलर सोडत.

"सरक," ती मला म्हणाली.

"काकू, तुमच्या नावाची चिठ्ठी नाहीये."

"नसू दे. माझ्या मानेच्या दुखण्यालाही माझी आई मनाचे खेळच म्हणायची. मी बोट ठेवते तिथे बघा, त्याशिवाय मीही हलणार नाही."