बँक पाहण्याचा कार्यक्रम

चहाबरोबर पेढे आले, तसे शेषराव सोफ्यात मागे रेलले. त्यांच्या बायकोने, गोजरबाईंनी, काय ते ओळखलं. बँक पसंत पडली होती.

शेषराव जिला बँक म्हणत होते ती नांदुऱ्यातली एक नवी पतसंस्था. काचेचं दार, गुळगुळीत फरशी, भिंतीवर फेटेवाल्या अध्यक्षांचा पुरुषभर उंचीचा फोटो. शेषरावांनी आल्याआल्या बोटाने काउंटर वाजवून पाहिलं. माठ वाजवला तर निदान तडा तरी कळतो. मग त्यांनी मॅनेजर देवेशला गाव विचारलं, मामाचं गाव विचारलं, अध्यक्षांचे सोयरे कुठकुठले ते विचारलं. अध्यक्षांची चुलत आत्या वडनेर भोलजीत, म्हणजे शेषरावांच्याच गावात दिलेली आहे हे कळल्यावर तर गडी विरघळलाच. पैसे काढायचे नियम काय, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. एवढ्या जवळच्या नात्यात तसलं विचारतं का कोणी!

सगळा खटाटोप नातीसाठी होता. छकुलीला दमा. मागच्या महिन्यात तिचा श्वास कोंडला, दवाखान्याने आधी पैसे भरा म्हटलं, आणि तिच्या आईच्या, पुष्पांजलीच्या, एकुलत्या एका खात्यातून रुपया निघेना, कारण त्या दिवशी त्या बँकेचं सगळंच बंद पडलेलं. शेवटी तिने कानातले काढून काउंटरवर ठेवले तेव्हा कुठे पोरीला आत घेतलं. म्हणून आता दुसरं खातं हवं होतं, पहिलं अडलं तर हात घालायला. पैसे लेकीच्या शिलाईचे, धाप नातीची, आणि निवड करणार कोण, तर शेषराव. गोजरबाईंचा राग केव्हाच जुना झाला होता. उरला होता तो नुसता तिटकारा.

रस्त्यापलीकडची दुसरीच एक जुनी बँक शेषरावांनी सकाळीच नापास केली होती. तिथे गोजरबाईंनी विचारलं होतं, “आज ठेवले अन् उद्याच लागले, तं भेटतीन काय?”

कारकूनबाईने मान वर न करता शिक्का हाणला. “पैसे तुमचे हायेत ना? मंग मले कायले इचारता? कार्ड भेटते, केव्हाबी काढा. फोटो आणला काय?”

फोटो नव्हता.

“मंग फोटो काढून रांगेत या.”

“पाण्याले इचारलं नाई, बसा म्हटलं नाई,” शेषराव रस्ता ओलांडेपर्यंत फणफणत होते. “असं घराणं कामाचं नाई.”

घराणं! पुष्पांजलीच्या वेळीही हेच झालं होतं. मोताळ्याला स्थळ पाहायला गेले, तर स्लॅबचं घर पाहिलं, फरशी पाहिली, दारातला ट्रॅक्टर पाहिला, सोयरे धुंडाळले, पेढा खाल्ला आणि सुपारी फोडून मोकळे. नवऱ्या मुलाशी दोन शब्द बोलायचे, तेवढे राहून गेले. पुढे लेक छकुलीला कडेवर घेऊन कायमची परत आली, तरी हे ओट्यावर बसून सांगत होते की घराणं चांगलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

गोजरबाईंनी देवेशलाही तोच प्रश्न विचारला. “उद्याच लागले तं?”

“तसा अर्ज द्या लागते काकू. मंग अध्यक्षसाहेबांची सही होते.”

“अन् साहेब गावाले गेले असले तं?”

देवेश हसला. उत्तर त्याने गोजरबाईंना दिलंच नाही, शेषरावांकडे वळून दिलं. “काका, काकूले सांगा ना. आपलेच माणसं आहो आपण. तुमचा पैसा तो आमचाच पैसा!”

शेषरावांनी मांडीवर थाप मारली. “आयकलं? याले म्हणतेत घराणं! पुष्पे, काढ तुह्ये कागद.”

गोजरबाईंच्या जिभेवर आलेलं बाहेर पडणार, तेवढ्यात पुष्पांजलीने कप खाली ठेवला. ओठालाही लावलेला नव्हता तिने तो.

“बाबा,” ती म्हणाली, “सुपारी फोडतानी माह्या सासऱ्यानं असंच म्हटलं होतं. तुमची पोरगी ते आमचीच पोरगी.”

देवेशला काही कळलं नाही. त्याने पेढ्यांचा डबा पुढे सरकवला. शेषरावांनी पेढ्याकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

पुष्पांजलीने पिशवी खांद्याला लावली आणि काचेचं दार ढकललं. गोजरबाई तिच्या मागोमाग निघाल्या. नवऱ्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिथे काही होतं असं त्यांना वाटलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात लेकीचा फोटो काढला आणि दोघी जुन्या बँकेच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पंखा खडखडत होता. कोणी पाणी विचारलं नाही.

त्यांचा नंबर येता येता शेषराव आले. काखेत पतसंस्थेने दिलेल्या कॅलेंडरची सुरळी होती. सवयीप्रमाणे रांग सोडून ते थेट खिडकीशी गेले, घसा खाकरला आणि कारकूनबाईला विचारलं, “बाई, गाव कोन्तं तुमचं?”

बाईने याही वेळी मान वर केली नाही.

“काका, मधात उभे राहू नका,” ती म्हणाली. “जिचं खातं हाय तिले पुढं येऊ द्या.”