डबा चरात राहिला

"अहो, थांबा! माझा डबा आहे खाली!"

तिने लांबूनच हाक मारली. चरात फावड्याने माती लोटणारा माणूस तिचाच नवरा होता.

कारखाने बंद पडले तसा सरकारने राज्यभर पैसा सोडला होता. लोकांच्या हाताला काम द्या, गल्लोगल्ली पाण्याची लाइन टाका. ती खोदणाऱ्या टोळीत लागली, नवरा बुजवणाऱ्या. इतके दिवस तो भलत्याच गल्ल्यांतून राबत होता. आज स्वतःच्या गल्लीचा नंबर लागला, म्हणून स्वारी सकाळपासून खुशीत होती. सासूने तर पहिल्या पगारातून नळ आणून भिंतीत बसवूनही घेतला होता. पाइपाचा पत्ता नाही, पण नळ रोज फडक्याने पुसला जायचा.

"डबा कुठला आता?" नवरा हसला. "रात्रीत पाइप टाकून गेलेत. वर मातीचा थर दिलाय. कुदळ लावायची नाही, नुसती माती लोटायची, असं मुकादमांनी बजावलंय."

"अहो, काल कामावरून सुटताना तिथेच तर विसरले."

"नवा घेऊ गं. घरात पाणी येतंय, आणि तू डब्याचं काय घेऊन बसलीस!"

पण पोचे आलेला असला तरी डबा तो डबाच. ती खाली उतरली. कुदळ लावायची नव्हती, म्हणून हातांनीच माती उकरू लागली. कोपरापर्यंत हात गेला आणि डबा लागला. काल ठेवला होता तसाच, झाकण वर. तिने तो काढला आणि खाली हात फिरवला. टणक जमीन होती. तिच्याच कुदळीचे घाव बोटांना लागले.

"अहो, इथे पाइप नाही."

"अगं, नीट बघ. बाजूला असेल."

तिने बाजूला उकरले. मग नवऱ्यानेही खाली उडी मारली. दोघे गुडघ्यांवर बसून माती उपसत राहिले. एकाएकी त्याचे हात थांबले.

"मग मागच्या गल्ल्या?" तो म्हणाला. "महिनाभर मी बुजवलं काय?"

गडबड ऐकून मुकादम काठावर आला. खाली डोकावला आणि आधी मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिले.

"हळू बोला. खोदाईचा पैसा आला, तो खोदाईवर गेला. भराईचा आला, तो भराईवर. वेळेत खर्च झाला नाही तर परत जातो. पाइपाचा अजून वरच अडकलाय. आला की पुन्हा खोदू. काम तुम्हालाच मिळेल की! वाईट काय त्यात?"

"मग पाइप टाकलाय म्हणून का सांगितलंत?" तिने विचारले.

"नाहीतर हात चालले असते का तुमचे?"

तिला राग आला नाही, रडूही आले नाही. तोंड उघडले तर उद्यापासून दोघेही घरी बसणार, एवढे मात्र तिला लख्ख कळले.

तेवढ्यात टँकरच्या रांगेतून सासू आली, डोक्यावर भरलेला हंडा. गल्लीच्या टोकापासून इथवर बुजत आलेला चर पाहून ती जागच्या जागी थबकली.

"अगं बाई! बुजवलासुद्धा? म्हणजे पाइप पडला! नीट बसलाय ना रे?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने मुकादमाकडे.

"बसलाय, आजी," मुकादम म्हणाला. "अगदी पक्का."

सासूने हंडा खाली टेकवला. "त्या मेल्या टँकरपायी कंबर गेली माझी. प्या रे बाबांनो, सगळे प्या. आता हे घरी वाहून न्यायचं कशाला?"

तिने एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतले. चरात उभ्या मुलाच्याही ओंजळीत ओतले. तो प्यायला नाही. पाणी त्याच्या बोटांतून गळत राहिले. उरलेला हंडा सासूने ताज्या मातीवर उपडा केला, धूळ बसावी म्हणून.

"तुम्ही या सावकाश," ती रिकामा हंडा काखेत मारत म्हणाली. "मी पुढे होते. नळ उघडून ठेवते."