चौघांची रिले

आमच्या रिलेत चौघंच होतो आणि शेवटचे अकरा किलोमीटर माझ्या गळ्यात पडले होते. पायांनी सातव्यालाच राजीनामा दिला होता. ते फक्त नोटीस पिरियड भरत होते.

अखेर अंतिम रेषेजवळ आमचे तिघं दिसले: दादा, वहिनी आणि गल्लीतला पोस्टमन. रेषा ओलांडायची आणि बसायचं, एवढंच डोक्यात होतं.

रेषेपलीकडे आमच्याच टीमचा टी-शर्ट घातलेला एकजण पाठमोरा उभा होता, हात मागे पसरून. टी-शर्ट घामानं भिजलेला.

"हा कोण?" मी धापा टाकत विचारलं.

"भाऊजी, आवरा!" वहिनी ओरडल्या. "कधीचा थांबलाय तो."

दादा माझ्याकडे बघेना.

मी बॅटन पुढे केलं.

त्यानं ते घेतलं नाही. माझं मनगट पकडलं, आणि तो धावू लागला.