बेहड्याला मिठी

तंबू उभे राहिले होते, पण चूल पेटवायची वेळ अजून आली नव्हती. सहा जणांनी हात गुंफून रानातल्या त्या अजस्र बेहड्याला मिठी मारायची आणि मगच पिठलं शिजवायचं, हा मित्रांचा तीस वर्षांचा रिवाज. यंदा विद्याधर नव्हता. त्याच्या जागी त्यांनी आग्रहाने त्याच्या बायकोला, मृणालिनीला उभं केलं होतं.

तिने खरबरीत सालीला गाल टेकवून मोकळा हात ताणला. पलीकडून आलेली दिगंबरची बोटं वीतभर लांबच राहिली.

"माझे हात आखूड पडतात, भावोजी."

"त्याचेही कधी पोचले नाहीत, वहिनी," दिगंबर हळूच म्हणाला. "पहिल्या वर्षी सगळे हिरमुसतील म्हणून त्याने 'जुळले' असं ठोकून दिलं. मग दरवर्षी तेच. मीही गप्प राहिलो."

घरी परतल्यावर पाठीवरची पिशवी उतरवण्याआधीच विद्याधर सांगायचा, "यंदाही जुळले बरं का," आणि ती चहा टाकता टाकता नुसतं 'हं' म्हणायची.

खोडामागून कुणीतरी विचारलं, "वहिनी, जुळले का?"

त्या वीतभर सालीकडे तिने डोळे भरून पाहिलं.

"जुळले," ती म्हणाली. "पेटवा चूल."