जन्मभर टिकणारं

हे मी लिहिणारच नव्हतो. लिहिलं की मी कसा आहे तेही कळणार, म्हणून. पण मच्छिंद्रचा दात डोळ्यांपुढनं जात नाही.

संगमनेरला दाताच्या डॉक्टरचा दवाखाना वरच्या मजल्यावर होता. चौदा पायऱ्या. मच्छिंद्र तीनदा बसला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातनं "आता घरी न्या" म्हणून सांगितलं, त्याला पंधरा दिवस झाले होते. आणि ह्याला दात नीट करायचा होता.

वरचा, पुढचा दात. दुष्काळी कामावर खडी फोडताना कपची उडाली आणि अर्धा तुटला. तसाच हिंडत होता. पोरं हसायची, हाही हसायचा. एसटीत मी विचारलं, "आत्ताच काय नडलंय?" तर नुसता खिडकीबाहेर बघत बसला.

डॉक्टरला त्याच्या दुखण्याचं काही माहीत नव्हतं. त्यानं दातावर टिचक्या मारल्या. "मूळ पक्कं आहे. उरलेला दात घासून वर टोपी बसवू. कशाची बसवायची?"

"कशाकशाची असती?"

डॉक्टरनं खणातनं नमुने काढले. "ही प्लॅस्टिकची. दातासारखीच दिसते, पण दोन-तीन वर्षांत झिजते. ही स्टीलची. दिसायला बरी नाही, पण दहा वर्षं बघायला नको. आणि सोन्याची घेतलीत तर जन्मभर."

मी मनात म्हणलं, प्लॅस्टिकची लई झाली.

"जन्मभराची द्या," मच्छिंद्र म्हणला आणि मला डोळा मारला.

मग बंडीच्या खिशातनं त्यानं एक गाठ मारलेली चिंधी काढली. आत डोरल्याच्या दोन सोन्याच्या वाट्या. मी त्या ओळखल्या. मुक्ताच्या, त्याच्या बायकोच्या. गोजर ही त्यांची पोरगी, तिच्या वेळच्या बाळंतपणात मुक्ता गेली, त्याला चार वर्षं झाली.

"ह्यातनंच करा."

"एवढं लागत नाही हो. एक वाटी पुरेल."

"दोन्ही घाला. जाड करा."

"जाड केली तर ओठ मिटणार नाही."

"न मिटंना. मला कुठं पोरगी बघायला जायचंय!"

डॉक्टर हसला. मच्छिंद्र हसला आणि मग बराच वेळ खोकला.

खाली उतरल्यावर तो शेवटच्या पायरीवरच बसला. दम खाल्ला. म्हणला, "दादानं ह्या वाट्यांपायी काल धान्याची कनगी उलटी करून बघितली. परवा माजी गोधडी उसवली."

दादा म्हणजे कारभारी, त्याचा थोरला भाऊ. सहा पोरं. घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकर, तीही एक वेळ.

"तो वाईट न्हाई," मच्छिंद्र म्हणला. "पोटं वाईट हायेत. पन मुक्तानं जाताना सांगितलं हुतं, हे पोरीच्या गळ्यात घाला म्हनून."

"मग माझ्याकडं द्यायचंस."

"तुज्याकडं? तुज्या घरी काय बासमती शिजती व्हय? तू बी मोडशील, सहादू. रडत रडत मोडशील, पन मोडशील."

दोन वाट्यांत आमच्या घरातल्या चौघांचे किती दिवस निघतील, ते मी वर बसल्या बसल्याच मोजलं होतं.

"तोंडातलं कोन काढनार?" तो म्हणला. "मेल्यावर मानसाच्या तोंडात सोनं घालत्यात, काढत न्हाईत. दादा पापाला लई भितो."

"आणि जाळल्यावर?"

"त्याच्यासाठीच तर तुला संगं आनलंय, लेका."

आठ दिवसांनी टोपी बसली. ओठ खरंच मिटत नव्हता. गाल आत गेलेले, डोळे आत गेलेले, आणि तेवढा एक दात बाहेर. एसटी स्टँडवर माणसं वळून वळून बघत होती. एक म्हातारी म्हणली, "काय बाई, लोकांना खायला न्हाई आन ह्याची हौस बघा!"

"हौसच हाय, आजी," मच्छिंद्र म्हणला.

गाडीला वेळ होता. ऊन तापलं होतं. आभाळात बोटाएवढा ढग नव्हता. त्यानं माझं मनगट धरलं.

"सावडायला ये. भाऊकीतला न्हाईस, तरी ये. मी दादाला सांगून ठेवतो, पैला हात सहादूचा. नदीला पानी न्हाई, राख वाहून जानार न्हाई. घाई करू नको. बारीक चाळ. दाताचा आकार न्हाई राहनार, मनी झाला असंल. तो गोजरला दे."

"असलं बोलू नको रे."

"ऐक. मी पावसापतुर टिकलो तर मग कायच भ्या न्हाई. पोटं भरली की मानसं पुन्हा चांगली हुत्यात. दादा बी, तू बी."

"आणि पावसाच्या आधीच..."

"म्हनून तुजी शपत पायजे. पाऊस पडलेला असता तर शपत कशाला मागितली असती?"

त्याची बोटं गार होती. एवढ्या उन्हात गार. तो बोलला की दात चमकायचा, गप्प बसला तरी चमकायचा. घरातनं निघताना मी पाणी पिऊन निघालो होतो, नुसतं पाणी. मला त्याच्या डोळ्यांकडं बघायचं होतं. खरंच बघायचं होतं. नजर खाली घसरून दातावरच येत होती.

"देईन," मी म्हणलो. "गोजरच्याच हातात देईन."