ग्रिलचे बारा स्क्रू

"हे बघ, काम दोन्हींनी होतं," चंद्रप्रकाश म्हणाला. "मग तिप्पट पैसे कशाला?"

फरशीवर दोन खोकी उघडी पडली होती. एकात तैवानचं ड्रिल, निळं, खेळण्यासारखं हलकं. दुसऱ्यात जपानचं, जाड मुठीचं, कारखान्यात वापरतात तसं. दोन्ही बॅटरीवर चालणारी. घाटकोपरच्या दुकानदार गुणाजीने चार्ज करून दोन्ही रविवारपुरती दिली होती. सोमवारी एक परत करायचं, एक ठेवायचं.

बॅटरीचंच हवं होतं. भांडुपच्या या नव्या बिल्डिंगमध्ये ताबा मिळाला होता, मीटर मिळाले नव्हते. बिल्डरने ओढून दिलेल्या तात्पुरत्या लाइनवर दोन बल्ब आणि एक पंखा चालायचा. मागच्या रविवारी कुणाचं तरी वायरवालं ड्रिल आणून लावलं, तर अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडाला. लोकांच्या शिव्या मिळाल्या त्या वेगळ्या.

त्याच्या आदल्या आठवड्यात राजाराम सुताराने गिरमिटाने भोकं पाडून खिडकीचं ग्रिल हाताने बसवून दिलं होतं. तो गेल्यावर जानकीने भाजीच्या सुरीचं टोक एका स्क्रूच्या खाचेत घातलं आणि फिरवलं. स्क्रू फिरला. संध्याकाळी चंद्रप्रकाश कामावरून आला, तेव्हा चार स्क्रू ओट्यावर ओळीने मांडून ठेवले होते.

"अगं, सुरीने स्क्रू कोण काढतं?"

"निघतात ना? मग झालं तर."

नव्याने घट्ट बसवायचं म्हणून उरलेले आठही काढले. तेव्हापासून ग्रिल भिंतीला टेकून उभं होतं. चौथा मजला, खिडकीचा कट्टा जेमतेम मांडीएवढा उंच. जानकी रोज विचारायची, चंद्रप्रकाश रोज म्हणायचा, बघू. दुपारी तो विक्रोळीला कंपनीच्या स्टोअरमध्ये असायचा आणि ती पोराला, लवूला घेऊन समोरच्या शांताकाकींच्या घरी जाऊन बसायची. तिच्या आईने गावाहून दिलेले लाडू डब्यात तसेच होते.

"पोरगं खिडकीपर्यंत पोचायला अवकाश आहे अजून," तो पुन्हा म्हणाला. "तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस."

"अहो, वेळ काय विचारून येते?"

"बरं बाई. आधी छोटं लावून बघतो. पटलं तर वाचलेल्या पैशात मिक्सरपण येईल."

"मला नकोय मिक्सर."

त्याने ग्रिल चौकटीवर धरलं. कपडे वाळत घालायला त्यात एक झडप होती, ती जानकीने वेल्डरकडून कायमची बंद करून आणली होती. त्यावरूनही दोन दिवस वाद झाला होता. कपडे गच्चीत घालीन, एवढंच तिचं उत्तर.

निळ्या ड्रिलने पहिला स्क्रू आत नेला. दुसरा नेला. तिसऱ्याला आवाज बसत गेला आणि अर्धा इंच बाहेर ठेवून ते थांबलं. चौकटीचं सागवान कडक होतं.

"हाताने पिळतो उरलेला."

"पिळा. मग मी सुरी लावते."

त्याने पिळला. तिने सुरी लावली. स्क्रू फिरला.

चंद्रप्रकाशने ड्रिल खाली आपटलं. "लवू काय सुरी घेऊन बसणार आहे का खिडकीत? वाट लावलीस रविवारची!"

जानकी सुरीवरचा भुसा पदराला पुसत राहिली.

तेवढ्यात शांताकाकी दारात आल्या. लवू त्यांच्याकडे होता, रडून लाल झालेला. "घे गं याला. भूक लागलीय."

"काकी, दहा मिनिटं. हे होऊ दे."

"अगं, आई ना तू? खिडक्या कसल्या बांधत बसलीस, पोर इकडे टाहो फोडतंय!"

"दहा मिनिटं म्हटलं ना!" जानकीचा आवाज चिरकला. मग ती नवऱ्याकडे वळली. "ते मोठं घ्या ना हो हातात. पाया पडते."

शांताकाकींनी चंद्रप्रकाशकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले आणि जपानचं ड्रिल उचललं.

ते गुरगुरलं आणि तिसरा स्क्रू लोण्यात जावा तसा गेला. डोकं लाकडात रुतलं. पहिले दोनही काढून पुन्हा मारले. मग उरलेले नऊ. पाव तास लागला. शेवटच्या स्क्रूत जानकीने सुरी घालून दोन्ही हातांनी जोर लावला. सुरीचं टोक मोडलं.

"झालं समाधान? मिक्सर गेला, सुरीपण गेली."

"जाऊ दे." ती पहिल्यांदाच जराशी हसली. तिने निळं ड्रिल खोक्यात भरलं. "हे उद्या परत करा. आणि मोठं कंपनीत न्या, तुमच्या कपाटात ठेवा."

"एवढं महागाचं घ्यायचं आणि कंपनीत ठेवायचं? पडदे लावायचेत, फळ्या मारायच्यात."

"लागेल तेव्हा आणा. किल्ली तुमच्याचकडे ठेवा."

"धन्य आहे तुमच्या बायकोची," शांताकाकी म्हणाल्या.

जानकीने हात धुतले, पुसले आणि लवूला त्यांच्याकडून घेतलं. काकी गेल्या. मग ती त्याला घेऊन सावकाश खिडकीशी जाऊन उभी राहिली. या घरात आल्यापासून ती त्याला घेऊन तिथे कधी गेली नव्हती.

चंद्रप्रकाश भुसा झाडत होता. राग उतरला होता. "आता तरी सांग, एवढी घाई कसली होती? अडीच महिन्यांचं पोर. अजून कुशीवर वळत नाही, ते खिडकीवर कधी चढणार?"

जानकीने लवूच्या मानेखालचा हात नीट केला.

"तो चढेल अशी भीती नव्हतीच हो," ती म्हणाली. "भीती माझ्या हातांची होती. तुम्ही गेल्यावर दिवसभर त्याच्याजवळ मी असते."